१२३४५६७८९८७६५४३२१: डोंबिवलीचं नाव घेऊन आलेल्या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात मी आठवी ते दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक सतरा अंकी संख्या कायमची लिहिलेली आहे आणि ती कुणी पुसायची नाही, असा आमचा नियम आहे. नवीन आलेलं मूल पहिल्याच आठवड्यात तिच्याबद्दल विचारतं. मुलांना न्यायला आलेले आई-बाबा विचारतात, आजोबा तर खुर्ची ओढून बसतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. वाचताना कागद-पेन्सिल जवळ असू द्या. इथे लिहिलेलं जवळजवळ सगळं हाताने पडताळून बघता येतं, आणि बघावंच.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते: १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. बोलताना कोटीच्या पुढे आपली गाडी अडते, म्हणून कोटींचेच कोटी करायचे. १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१.

जुन्या लोकांना असं अडखळावं लागत नव्हतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अठरा स्थानांची नावं ओळीने दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी आहे, तेव्हा तिचा सगळ्यात डावीकडचा १ ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्धाला एक घर कमी. ही नावं मी मुलांकडून पाढ्यांसारखी म्हणून घेते. परीक्षेत येत नाहीत, पण एकदा तोंडात बसली की मोठ्या संख्येची भीती उरत नाही.

हिचा आणि डोंबिवलीचा काय संबंध?

गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी या जातीच्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. जी.आय.पी. रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवर डेम्लो नावाचं स्थानक होतं, तेच आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्थानकाचं नाव संख्येला मिळालं.

त्यांची कल्पना अशी. संख्येचे तीन तुकडे करा: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा मिळवल्यावर मधलाच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. १२३|४|३२१ बघा. १२३ + ३२१ = ४४४. मध्ये ४, बेरजेतही सगळे ४. आता आपली संख्या तोडा: १२३४५६७८|९|८७६५४३२१. दोन्ही बाजू मिळवा, ९९९९९९९९ येतात. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘विलक्षण डेम्लो संख्या’ म्हटलं. १, ११, १११ यांचे वर्ग करत गेलं की हीच रांग मिळते. आपली संख्या त्या रांगेतली नववी, म्हणजे १११११११११ चा वर्ग.

आमच्याकडची काही मुलं धीम्या लोकलने ठाण्याहून डोंबिवलीला जाताना एक खेळ खेळतात. कळव्याला ११ चा वर्ग, मुंब्र्याला १११ चा, दिव्याला ११११ चा, कोपरला १११११ चा आणि डोंबिवलीला उतरण्याआधी ११११११ चा. सगळं तोंडी. जमतं, कारण त्यात हातचा येत नाही. हातच्याची गोष्ट पुढे सविस्तर येईलच.

कापरेकर ठाण्याचे होते का?

जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. शाळा मात्र ठाण्यात झाली, आणि हे मी वर्गात मुद्दाम सांगते. पुढे पुण्याचं फर्ग्युसन महाविद्यालय, मग नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते शाळेतच शिकवत राहिले. संशोधनाची पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. वही, पेन्सिल आणि संख्यांवरचं प्रेम एवढ्याच भांडवलावर त्यांनी जे शोधलं ते आज जगभर त्यांच्या नावाने शिकवलं जातं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्या कामावर लिहिलं, तेव्हा बाहेरच्या जगाला हे नाव कळलं. कापरेकर १९८६ साली गेले. माझ्या मते ठाण्यातल्या प्रत्येक शाळेत त्यांचं एक चित्र असायला हवं.

१११११११११ चा वर्ग केला की असा डोंगर का तयार होतो?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा सगळ्यात आवडताही. मुलं म्हणतात, ‘बाई, हा चमत्कार आहे.’ मी म्हणते, शाळेतला उभा गुणाकार मांडा, चमत्कार तुमच्या हातात येईल.

आधी लहान घेऊ, १११ × १११:

१११ × १ = १११
१११ × १० = १११०
१११ × १०० = १११००
बेरीज = १२३२१

प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकली आहे. एककाच्या रकान्यात एकच १ आहे. दशकाच्या रकान्यात दोन, शतकाच्या रकान्यात तीन. त्याच्या पुढे वरच्या ओळी संपत जातात, म्हणून पुन्हा दोन आणि शेवटी एक. रकान्यात जितके १ तितकीच त्या रकान्याची बेरीज.

नऊ वेळा १ घेतला की ओळी नऊ होतात आणि रकान्यांमधले १ मोजत गेलं की १, २, ३ करत मधोमध ९ वर पोचतात आणि मग उतरतात. ९ म्हणजे एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. काठोकाठ भरलं, पण सांडलं नाही. एकाही रकान्यातून हातचा पुढे गेला नाही, म्हणूनच डोंगराचा आकार जसाच्या तसा उत्तरात दिसतो.

यातून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ वेळा १, म्हणजे मांडणीत एकूण ८१ एक आहेत. हातचा नसल्यामुळे ते सगळेच्या सगळे उत्तराच्या अंकांत उतरतात. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करून बघा, बरोबर ८१. म्हणजेच १+२+३+…+९+…+३+२+१ = ९ × ९, हे एरवी सूत्र म्हणून पाठ केलेलं समीकरण इथे डोळ्यांनी दिसतं.

हा आकार दहाच्या पद्धतीपुरताच आहे का, असं एका मुलाने विचारलं होतं. चांगला प्रश्न. आठाच्या पद्धतीत, जिथे अंक ० ते ७ असतात, तिथे सात वेळा १ घेऊन वर्ग करा. तिथल्या लिखाणात १२३४५६७६५४३२१ येईल. प्रत्येक पद्धतीला आपापला डोंगर आहे आणि त्याची उंची तिथला सगळ्यात मोठा अंक ठरवतो.

ही संख्या मूळ आहे का? नसेल तर तिचे मूळ अवयव कोणते?

पूर्ण वर्ग आहे, तेव्हा मूळ असूच शकत नाही. खरा प्रश्न १११११११११ चे अवयव काय, हा आहे.

नऊ हे तीन गुणिले तीन. म्हणून नऊ एकांचे तीन-तीनचे तीन गट पडतात: १११ १११ १११ = १११ × १००१००१. इथून १११ = ३ × ३७ हे सगळ्यांना येतं. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून त्याला ३ ने भाग जातो आणि उरतात ३३३६६७. जुळणी केली की

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपल्या संख्येत हे सगळे दोन-दोनदा. ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा.

३३३६६७ मूळ आहे हे कशावरून?

हा प्रश्न क्वचितच येतो, पण जे मूल तो विचारतं त्याला मी लक्षात ठेवते. संख्या बघून ‘असेल मूळ’ म्हणणं सोपं असतं. सरळ मार्ग असा: ५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४, म्हणून ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्या १०६ आहेत. एक दुपार जाईल.

थोडा विचार केला तर काम खूपच कमी होतं. समजा ३ सोडून एखाद्या मूळ संख्येने १००१००१ ला भाग जातो. मग त्याच संख्येने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, आणि त्याचा अर्थ असा की १ ला त्या संख्येने भागलं की येणारा आवर्ती दशांश १, ३ किंवा ९ अंकांनी फिरतो. एक अंकाचं आवर्तन फक्त ३ देते. तीन अंकांचं फक्त ३७ देते, कारण ९९९ = २७ × ३७. पण ३७ ने १००१००१ ला भागलं तर ३ उरतात, म्हणजे तीही बाद. राहिलं नऊ अंकांचं आवर्तन. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार आवर्तनाची लांबी त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला भागते. म्हणून आपल्याला हवी ती मूळ संख्या, ९ ने भागल्यावर १ उरणारी असली पाहिजे, आणि विषम असल्यामुळे १८ ने भागल्यावरही १ उरणारी.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त सतरा आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. यांपैकी एकीनेही ३३३६६७ ला पूर्ण भाग जात नाही. १०६ भागाकारांऐवजी १७. आमच्याकडे दोन बाकांवरच्या मुलांनी ते वाटून घेतले आणि वीस मिनिटांत संपवले.

जाता जाता, १ ला ३३३६६७ ने भागा: ०.०००००२९९७०००००२९९७… बरोबर नऊ अंकांचं आवर्तन. दशांशात नऊ अंकांनी फिरणारी ही जगातली एकमेव मूळ संख्या आहे, आणि ती आपल्या डोंगराच्या पोटात दडलेली आहे.

एकूण विभाजक किती? ही परिपूर्ण संख्या आहे का?

प्रत्येक विभाजक बनवताना ३ किती वेळा घ्यायचा याचे पाच पर्याय (शून्य ते चार), ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विभाजक जोडीने येतात, पण इथे ४५ विषम आहे, कारण १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते. कुठल्याही पूर्ण वर्गात असंच घडतं.

४५ विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ येते. त्यातून आपली संख्या वजा केली की उरतात ६६०८६००६०५१७३२५८. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर न्यून. इथे ती कमी आहे, म्हणून आपली संख्या परिपूर्ण नाही, न्यून आहे.

खरं तर एवढा हिशोब न करताही हे कळलं असतं. संख्या विषम, म्हणजे तिचे सगळे विभाजक विषम. विषम संख्या विषम वेळा मिळवल्या की बेरीज विषमच येणार. परिपूर्ण असती तर ती बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम असायला हवी होती. म्हणून कोणताही विषम पूर्ण वर्ग परिपूर्ण असूच शकत नाही. अशा वेळी मी वर्गात थोडा वेळ गप्प बसते. दोन ओळींच्या युक्तिवादाने सतरा अंकी बेरीज वाचते, हे मुलांच्या चेहऱ्यावर उमटू द्यायचं असतं. एखादी विषम परिपूर्ण संख्या अस्तित्वात आहे की नाही, हे मात्र आजही कुणाला ठाऊक नाही.

१२३४५६७९ मध्ये ८ कुठे गेला?

१११११११११ ला ९ ने भागलं की १२३४५६७९ येतात. पालक हमखास म्हणतात, ‘बाई, तुमच्या फळ्यावर ८ राहिलाय.’ राहिलेला नाही.

आठ का नाहीसा झाला, याचं उत्तर पुन्हा हातच्यातच आहे. १/९ म्हणजे ०.१११११…, न संपणारे १. त्याचा वर्ग १/८१. तोच उभा गुणाकार मनात मांडा, फक्त आता ओळी अनंत आहेत. रकान्यांच्या बेरजा येतात १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, … आणि इथे १० च्या घरातून हातचा निघतो. तो ९ च्या घरात गेला की तिथे १० होतात, तिथून पुन्हा हातचा, आणि तो ८ च्या घरात जाऊन त्याचे ९ करतो. आठ हरवलेला नाही, हातचा मिळून त्याचा नऊ झाला आहे. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

या संख्येचे खेळ बरेच आहेत. तुमचा आवडता अंक ७ असेल तर ७ × ९ = ६३, आणि १२३४५६७९ × ६३ = ७७७७७७७७७. आठाने गुणा, ९८७६५४३२ येतात. आपल्या मोठ्या संख्येशी तिचं नातं असं:

१२३४५६७९ × ९९९९९९९९९ = १२३४५६७८९८७६५४३२१

हा गुणाकार तोंडी होतो. १२३४५६७९ पुढे नऊ शून्यं द्या आणि त्यातून १२३४५६७९ वजा करा.

ही ‘कापरेकर संख्या’ आहे का? हर्षद? स्वयंभू?

तीन वेगळे प्रश्न आहेत. एकेक घेऊ.

कापरेकर संख्या म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की ती स्वतःच परत येते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. १११११११११ ला ही कसोटी लावा. वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. हवे होते १११११११११, आले त्याच्या नऊपट. म्हणजे ती कापरेकर संख्या नाही. पण जी बेरीज आली ती ९९९९९९९९९ स्वतः कापरेकर संख्या आहे! तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तोडून मिळवा.

हर्षद मात्र आहे. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद. हर्ष देणारी, हे नाव कापरेकरांचंच. आपल्या अंकांची बेरीज ८१ आणि संख्येत ३ चार वेळा, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात मजेचा. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: १५ + १ + ५ = २१. इथे १५ ही २१ ची जनक. काही संख्यांना जनकच नसते, जसं की २०. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. शंभरच्या आत अशा तेराच: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

आपल्या सतरा अंकी संख्येची जनक शोधायची तर किती संख्या तपासायच्या? मी हा प्रश्न विचारते तेव्हा मुलं घाबरतात. पण सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३ होऊ शकते, म्हणून जनक फार मागे नसणार. शिवाय आपल्या संख्येला ९ ने भाग जातो. कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर सारखीच बाकी उरते, तेव्हा जनकाच्या अंकांच्या बेरजेलाही ९ ने भाग गेला पाहिजे. म्हणून ९, १८, २७ असं १५३ पर्यंत मागे जाऊन बघायचं, फक्त सतरा वेळा. दर वेळी शेवटचे तीनच अंक बदलतात, आणि अंकांची बेरीज एक तर ८१ येते किंवा ९०. ९० मागे गेलं तर बेरीज ८१ येते, म्हणजे चुकलं. ८१ मागे गेलं तर १२३४५६७८९८७६५४२४०, बेरीज ८१. जुळलं!

तेव्हा आपली संख्या स्वयंभू नाही. तिला एक जनक आहे, आणि एकच.

११ ने भाग जातो का? दोन्हीकडून सारखी वाचता येते ना?

नाही जात. बाकी १ उरते. दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या संख्येला ११ ने भाग जाण्याची हमी तिचे अंक सम संख्येने असतील तेव्हाच असते. इथे सतरा आहेत.

३७ ची कसोटी मात्र करून बघा. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७ = ३७ × ८१.

या संख्येचा भूमितीशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मला स्वतःला सापडला तेव्हा मी रात्री वही मिटूच शकले नाही.

बौधायनांच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, आयताच्या बाजूंच्या काही जोड्या सांगितल्या आहेत: ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, मग १२ आणि ३५. या शेवटच्या जोडीचा कर्ण ३७ येतो. १४४ + १२२५ = १३६९. आणि ३७ हा तर आपल्या संख्येचा मूळ अवयव!

१११११११११ ला ३७ ने भागलं की ३००३००३ येतात. या त्रिकोणाची प्रत्येक बाजू तितक्या पटीने वाढवा:

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १११११११११² = १२३४५६७८९८७६५४३२१

हा काटकोन त्रिकोण बघत राहावा असा आहे. आणि हा एकटाच आहे. पूर्णांक बाजूंचा, १११११११११ कर्ण असलेला दुसरा काटकोन त्रिकोण नाही. कारण तिच्या मूळ अवयवांपैकी फक्त ३७ ला ४ ने भागल्यावर १ उरतो. ३ आणि ३३३६६७ दोघींना ३ उरतात, आणि अशा मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत नवीन काही भर घालत नाहीत.

मोबाइलवर गुणाकार केला तर शेवटी १ ऐवजी ० का येतो?

पुष्कळ उपकरणं आणि प्रोग्राम संख्या साठवायला ठरावीकच जागा वापरतात. त्या पद्धतीत ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या पूर्ण संख्या नेमक्या राहतात. हा २ चा ५३ वा घात. त्याच्या पुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्या पुढच्या भागात आहे आणि विषम आहे, म्हणून ती …३२० अशी गोल केली जाते. एक्सेल तर पंधराच अंक धरतं आणि पुढे शून्यं टाकून १२३४५६७८९८७६५४३०० दाखवतं. यंत्र बिघडलेलं नाही. पण यंत्रावर विसंबून ‘ही संख्या १० ने भाग जाणारी आहे’ असं वहीत लिहिलेलं मी पाहिलं आहे. शेवटचा अंक १ आहे, हे एककाच्या रकान्याकडे बघून पहिलीतलं मूलही सांगेल.

फळ्यावर ६१७४ का नाही? ती जास्त प्रसिद्ध आहे.

आहे, आणि तीही कापरेकरांची, १९४९ सालची. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी हीच येते. आम्ही तीही करतो. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ला १८ ने भागलं की ३४३ येतात, म्हणजे ७ × ७ × ७. पण फळ्याच्या कोपऱ्यात मला अशी संख्या हवी होती जिच्यातलं जवळजवळ सगळं हातच्याच्या एका गोष्टीतून उलगडत जातं. शिवाय डोंबिवली इथून चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे.

घराच्या किंवा गाडीच्या नंबरासाठी ही शुभ आहे का?

गणितात शुभ-अशुभ नसतं.

दहा वेळा १ घेऊन वर्ग केला तर काय होतं?

डोंगराचा माथा मोडतो. ११११११११११² = १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात १० होतात. तिथे शून्य लिहून हातचा १ पुढे जातो, पुढच्या ९ चे १० होतात, पुन्हा शून्य आणि हातचा, मग ८ चे ९. तिथे थांबतं. १/८१ मध्ये आठाचा नऊ झाला होता, तोच प्रसंग इथे.

आता अंकांची बेरीज करा. मांडणीत १०० एक होते, उत्तरात ८२ येतात. अठरा कुठे गेले? एका हातच्यात दहा जातात आणि त्यांच्या जागी एक येतो, म्हणजे दर हातच्यामागे बेरीज ९ ने घटते. दोन हातचे, अठरा कमी.

अकरा वेळा १ घेतला तर वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. मांडणीत १२१ एक, बेरीज ८५, फरक ३६, म्हणजे चार हातचे. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा कळव्याहून येणारी नववीतली एक मुलगी गुणाकार न करताच म्हणाली, ‘बाई, बाराला सहा येतील.’ मग सगळ्यांनी मिळून मांडणी केली. १२३४५६७९०१२३२०९८७६५४३२१ आलं. अंकांची बेरीज ९०, आणि १४४ वजा ९० म्हणजे ५४. सहा हातचे.